फटींवरचं इंग्रजी

१६ नोव्हेंबर १९५८, अमरावती
आजपासून ग्रंथाला सुरुवात. विषय : लहान छिद्रे व उघडे भाग यांचे इंग्रजी शब्द. मार्चअखेर पूर्ण करायचा. रोज पहाटे पाचला उठून दहा शब्द. इंग्रजाने होल, स्लिट, व्हेंट, चिंक, पोअर, अपर्चर असे किती शब्द केले. आपल्याकडे सगळ्याला भोक. हायस्कुलात इंग्रजी शिकवतो म्हणून हे माझ्या तरी लक्षात आलं.
सौ. म्हणाली की खिडकीला फट पडली, भिंतीला भेग गेली, उंदराने दाराशी बीळ केलं, रात्री गार वारा येतो, काहीतरी करा. लिहिण्याच्या नादात नीट ऐकलं नाही.

१७ नोव्हेंबर
उठायला साडेसात झाले. खिडकीतून वारा येतो, झोप पुरी होत नाही. ही फट चिंक की क्रेव्हिस? दिवसभर विचार. चिंक. येत्या रविवारी नक्की बुजवणार.

२३ नोव्हेंबर
रविवार. खिडकी राहिली, कारण वरुडहून शेषरावदादा आला. दरवर्षी तो संत्र्याची बाग झाडावरच व्यापाऱ्याला देतो आणि मलई व्यापारी खातो. यंदा स्वतः पेट्या भरून थेट दिल्लीला, ओमप्रकाश नावाच्या अडत्याकडे पाठवणार. जमलं तर विहिरीवर इंजिन बसेल आणि बैलांची मोट सुटेल. पेट्यांवर लावायला इंग्रजीत नाव-पत्ता पाहिजे म्हणाला.
बाबा गेल्यावर दादाने चौथीतून शाळा सोडली, मोट हाकली आणि मला बी.ए. केलं. त्याच्यासाठी नुसता नाव-पत्ता? ते तर पोस्टमनही लिहून देईल.

३० नोव्हेंबर
मजकूर ठरला. नाव-पत्त्याच्या खाली : 'काइंडली डू नॉट ऑब्स्ट्रक्ट दीज अपर्चर्स. द फ्रूट मस्ट ब्रीद.' पेटीच्या फळ्यांमध्ये हवेसाठी फटी असतात, त्यांच्यावर हमाल पोती रचून ठेवतात असं ऐकून आहे. आधी 'व्हेंट्स' लिहिलं होतं, पण ते फार आखूड वाटलं. 'स्लिट्स' गरीब वाटतं. अपर्चर्सला वजन आहे.
छापखानेवाले बापूसाहेब म्हणाले की एवढ्याशा चिठ्ठीत काम भागेल. त्यांना सांगितलं, कागद जाड घ्या आणि लेबल पाटीएवढं करा. सौ.ने विचारलं, हमालांना इंग्रजी येतं का.

७ डिसेंबर, वरुड
लेबलं घेऊन स्वतः आलो. अशी कामं दुसऱ्यावर सोडता येत नाहीत. पेट्या भरून तयार. वर-खाली फळ्या जवळजवळ ठोकलेल्या, चारी बाजूंना बोटभर फटी. एका फळीवर लेबल मावेना. शिवाय 'दीज' म्हटलं की ज्या फटी त्यांच्यावरच बोट पाहिजे, वाचणाऱ्याचा घोटाळा नको. म्हणून बरोबर फटींवर लावली. चारी बाजूंना. हमाल कुठूनही येवो, वाचल्याशिवाय सुटणार नाही.
लेबलं चिकटवायची खळ मनकर्णावहिनीने शिजवली. फार पक्की. त्या म्हणाल्या, भाऊजी, कागद लय मोठा झाला. इंग्रजीला जागा लागते म्हणून सांगितलं.
संध्याकाळी दादा शेजाऱ्यांना घेऊन आला. पेट्यांपासून चार पावलं मागे उभा राहिला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "आमच्या भगवंतानं लिवलं."
माझे डोळे भरून आले. हात खळीचे, त्यामुळे पुसता आले नाहीत.

८ डिसेंबर
ट्रक बडनेऱ्याला रवाना, तिथून रेल्वे. एक पेटी मावली नाही, ती ओसरीवर राहिली. उरलेली लेबलं ग्रंथाच्या परिशिष्टासाठी घरी आणली.

१४ डिसेंबर
काल वर्गात 'आयलेट' शिकवला. बुटाच्या नाडीचं भोक. एकाही मुलाच्या पायात बूट नाही, म्हणून हेडमास्तरांच्या खोलीबाहेरचा उचलून आणला. हेडमास्तर तो शोधत वर्गात आले. अध्यापनाच्या नव्या पद्धती सगळ्यांना पटत नाहीत.
ग्रंथात आतापर्यंत नऊ शब्द. खिडकी राहिली.

१७ डिसेंबर
वरुडच्या बस ड्रायव्हरबरोबर दादाचा निरोप. दिल्लीहून तार आली, सगळा माल सडला.
रेल्वेचा हलगर्जीपणा, दुसरं काय. पेट्या एकीवर एक दाबून ठेवल्या असणार. इतक्या स्वच्छ भाषेत सूचना असून. रेल्वेला कडक इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात अपर्चर तीनदा आलं.

२० डिसेंबर
सकाळच्या बसने दादा आला. ओसरीवर राहिलेली पेटी सोबत. अंगणात ठेवली तर घरभर वास. आत संत्र्यांभोवती भरलेल्या गवतासकट हिरवी बुरशी. ही पेटी रेल्वेत चढलीच नव्हती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.
दादा लेबलाकडे हात करून म्हणाला, "हे वाच."
वाचलं.
"मराठीत सांग."
सांगितलं की या फटी बुजवू नका, फळाले श्वास लागते.
दादाने पेटी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "बरोबर लिवलं हाये," म्हणाला. मग म्हणाला, "फटी कुठी हायेत?"
मी नखाने लेबलाचा कोपरा खरवडला; फट त्याच्याखाली होती. दादाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवला, सौ.च्या हातच्या भाकरीला चांगलं म्हणाला. निघताना म्हणाला, "इंजिनाचं पुढच्या साली पाहू. मोट हाये ना."
तो बसमध्ये चढेपर्यंत उभा होतो. मले काही सुचून नाही राहिलं.

रात्री. इंग्रजीत चूक नव्हती. दादानेही ते मान्य केलं. रेल्वेचं पत्र फाडलं.

२१ डिसेंबर
रविवार. खिडकी बुजवायला म्हणून उठलो तर काम झालेलं. सौ.ने वहिनीसारखी खळ शिजवून परिशिष्टाची लेबलं खिडकीच्या फटीवर लावली, एक भिंतीच्या भेगेवर, एक उंदराच्या बिळावर. गादीवर पडलं की समोरच दिसतात. 'काइंडली डू नॉट ऑब्स्ट्रक्ट.'
ग्रंथ तूर्त बाजूला ठेवला आहे.

२२ डिसेंबर
काल रात्रभर खोलीत वारा अजिबात आला नाही. मी जागाच होतो, म्हणून खात्रीने लिहितो.