परत पाठवलेला पाना

६ मार्च
तुरुंग, दुसरी बराक

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी शिव्या घालशील, त्या घाल. पण उत्तर तुझ्या भावाच्या आधी इथला जेलर वाचतो, तेव्हा बेताने घाल.

मी पार्सलवाल्याचा हात मोडला हे खरं आहे. बाकी पोलिसांनी, शेजाऱ्यांनी आणि माझ्या बायकोने तुला जे सांगितलं असेल त्यात तपशिलाच्या चुका असणार, म्हणून नीट लिहितो. मोठ्या पंपांचे पाइप सोडवायला मी एक मोठा पाइप पाना ऑनलाइन मागवला. आला तो लहान. घरातले नळ पिळायला ठीक, पण पंपाचा पाइप त्याच्या जबड्यात मावत नाही. परत करतो म्हणून कळवलं, तर कंपनीचं उत्तर आलं की पान्याची किंमत मिळेल, डिलिव्हरीचे पैसे मिळणार नाहीत, कारण डिलिव्हरी ही दिलेली सेवा आहे. ताई, मी शाळा अर्धवट सोडली, वाचायचं सोडलेलं नाही. ग्राहकाचे नियम मी मुळातून वाचलेत. माल चुकीचा पाठवला तर किंमत, डिलिव्हरी आणि परत नेण्याचा खर्च, सगळं विकणाऱ्याच्या डोक्यावर. नको ती वस्तू दारात आणून टाकणं ही सेवा असेल, तर माझ्या दारात कचरा टाकणाऱ्यालाही मी पैसे मोजायला हवेत.

पार्सलवाला पाना न्यायला आला. खोका मी स्वतः बंद केला, चिकटपट्टी लावली. त्याने तो पाठीवरच्या पिशवीत टाकून चेन ओढली. मग मी म्हणालो, डिलिव्हरीचे पैसे येणे आहेत अशी नोंद कर. तो हसला. म्हणाला, काका, चहाचे पैसे ते, सोडून द्या की. आणि पाठ फिरवली. पिशवी माझ्या नाकासमोर आली. मी चेन उघडली. त्याला वाटलं मी आत काही ठेवतोय, म्हणून तो तसाच उभा राहिला. मी पट्टी दातांनी फाडली, पाना काढला, आणि तो वळून हात वर करतोय तोवर घातला. जाड प्लास्टिकचा पाइप तडकतो तसा आवाज आला. तो आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा आहे, त्यामुळे हात मोडल्याचं मला त्याच्या आधी कळलं.

घाव एकच. पोलिसांनी तीन लिहिलेत, ते दुरुस्त झाले पाहिजेत. आणि माझ्या वतीने ग्राहक तक्रार कचेरीत अर्ज टाक. डिलिव्हरीचे पैसे सोडायचे नाहीत.

लोभ आहेच, तो या एका घावाने मोडू देऊ नये, ही विनंती.

तुझा धाकटा


१३ मार्च
तुझ्या घरून

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. तू समोर असतास तर तुझा हात मी मोडला असता, आणि तुझ्यासारखी एकावर थांबले नसते. जेलरसाहेब, हे वाचत असाल तर वाचा.

मी इथे येऊन पोचले तेव्हा तुझं पंपदुरुस्तीचं दुकान फोडून झालं होतं. पार्सलवाल्याचे सोबती मोटारसायकलींवरून आले. काच फोडली, तार गुंडाळायला काढलेल्या पंपांच्या मोटारी रस्त्यावर आपटल्या, तांब्याची तार गटारात ओढत नेली. तुझी बायको आडवी गेली. तिच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत टाके आहेत. ती रडत नाही, बोलतही नाही. फरशीतल्या काचा अजून चिमट्याने वेचते आहे.

मी हॉस्पिटलमध्येही जाऊन आले. त्याच्या हातात धातूची पट्टी आणि स्क्रू घातलेत. मी कोण ते सांगताच त्याच्या बायकोने स्टीलचा पेला फेकून मारला. तो माझ्या खांद्याला लागला. मी तो उचलून धुऊन परत ठेवला, दुसरं काय करणार?

आता तुझ्या जिवलग पैशांचं. कंपनीने पाना परत घ्यायलाच नकार दिला. पान्याच्या दातांत रक्त आणि सदऱ्याचे धागे आहेत, म्हणजे वस्तू वापरलेली आहे, सबब किंमतही मिळणार नाही. पाना पोलिसांकडे आहे, कंपनीला फोटो दिसले.

मी तुला वकिलीणबाई करून दिल्या आहेत. हुशार आहेत. त्या म्हणतात, पाना पिशवीत गेलाच नव्हता असं सांगायचं. खोका बंद करायच्या आधी तुमची बाचाबाची झाली, पाना दोघांनी ओढला, निसटला, त्याला लागला. अपघात. पिशवीत गेल्याची नोंद त्याच्या मोबाइलमध्ये होणार होती, तो त्याच्याच अंगाखाली फुटला. म्हणजे शब्दाला शब्द. पण पाना तू बंद पिशवीतून काढलास असं ठरलं, तर तो ठरवून केलेला मार, आणि मग तुरुंग पक्का.

तेव्हा डिलिव्हरीचे पैसे गटारात गेले असं समज, आणि घरी ये.

रागासकट तुझीच,
ताई


१९ मार्च
दुसरी बराक

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण बोटं सुजलीत. इथल्या एका पैलवानाने माझी घोंगडी ओढली. मी मागितली, तर तो म्हणाला की तू गार पडल्यावर देतो. मी पाण्याचा लोटा त्याच्या नाकावर घातला. मग त्याच्या लोकांनी मला भिंतीला धरून बरगड्या मोजल्या आणि शेवटी शिपायाने पट्ट्याने सर्वांना सारखं वाटलं. घोंगडी आता माझ्याकडे आहे.

बायकोला कपाळ कोरडं ठेवायला सांग. त्या मोटारसायकलवाल्यांचा हिशेब मी बाहेर आल्यावर करीन असं लिहिणार होतो. मग आठवलं की ते तिच्यापर्यंत कुणामुळे आले.

वकिलीणबाईंना सांग, त्या म्हणतात तसं बोलीन. मी वेडा नाही. पण पाना पिशवीत गेला नव्हता असं मी म्हटलं की मी वापरलेला माल परत करणारा ठरतो आणि कंपनी खरी ठरते, हे मला झोपेतसुद्धा चावतं.

एक चौकशी कर. पार्सलवाल्याने जबाबात घाव किती सांगितले?

मायेत कसूर नसावी, दुसरं मागत नाही.

धाकटा


२७ मार्च

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

एक.

तुला तेवढंच हवं होतं, तरी पुढचं वाच. त्याचे सोबती खाटेभोवती उभे राहून तीन सांग, चार सांग म्हणत होते. फौजदाराने तीन लिहूनही टाकले होते. त्याने ते खोडायला लावले. म्हणाला, काकांनी एकदाच मारलं, दुसऱ्यांदा मारायच्या आधी ते स्वतःच खाली बसले. पाना पिशवीत होता आणि माल चांगला होता, हेही त्याने सांगितलं.

यावरून कंपनी त्याला खोटा म्हणते. पाना पिशवीत असेल तर तो कामावर असताना मार बसला, मग हॉस्पिटलचा खर्च कंपनीवर. नसेल तर तो गिऱ्हाइकाशी भांडला, मग खर्च त्याचा त्याने करायचा आणि नोकरीही गेली. कंपनीचा माणूस कोर्टात तसं सांगायला येणार आहे. वकिलीणबाई खूश आहेत, आयता साक्षीदार मिळाला.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला इथून दिसतंय. ते थांबव. मी तुझी बहीण आहे, त्याची नाही. सांगितलंय तसं बोल. तुझ्या बायकोने काल पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तू कधी येणार एवढंच विचारलं.

मार खाल्लास तरी जेवण टाकू नकोस.

ताई


११ एप्रिल
दुसरी बराक

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोर्टात तू मागच्या बाकावर होतीस आणि मी बोलायला लागल्यावर उठून गेलीस, म्हणून राहिलेलं लिहितो.

कंपनीचा माणूस कडक इस्त्रीत आला होता. तो म्हणाला, हा पार्सलवाला खोटारडा आहे, वस्तू ताब्यात घेतल्याचं नाटक करतो. पार्सलवाला समोरच बसला होता, हात गळ्यात. त्याने मान खाली घातली. ताई, चहाचे पैसे म्हणून हसला तेव्हा मला त्याचा जीव घ्यावासा वाटला होता, आणि आता त्या इस्त्रीवाल्याचा वाटला. पिंजऱ्याचा गज मी एवढा आवळला की शिपाई जवळ येऊन उभा राहिला.

वकिलीणबाईंनी मला विचारलं, पाना कुठे होता. मी सांगितलं, खोक्यात. खोका पिशवीत, पिशवीची चेन बंद, पट्टी मी लावलेली आणि मीच दातांनी फाडलेली. हा पार्सलवाला अक्षरन् अक्षर खरं बोलतोय. बाई डोक्याला हात लावून खाली बसल्या. न्यायाधीशांनी विचारलं, याचा अर्थ काय होतो ते कळतं का. मी म्हणालो, कळतं. मी ठरवून मारलं. आणि माल कंपनीच्या ताब्यात गेल्यावर खराब झाला, तेव्हा किंमत आणि डिलिव्हरीचे पैसे दोन्ही मला येणे आहेत. लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत.

दीड वर्ष. अपील करायचं नाही.

बायकोची समजूत मी पत्राने घालू शकत नाही. तू घाल. दुकान तिने हवं तर विकावं, पण मोटार गुंडाळायचं मशीन ठेवावं.

तुझा लोभ या दीड वर्षात वजा धरू नये.

धाकटा


३ मे
तुझ्या घरून

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लेखणी हातात घेतली की ती तुझ्या डोळ्यात खुपसावीशी वाटायची.

तुझा अर्ज मी शेवटी टाकला, आणि तुझ्या कोर्टातल्या बोलण्यावर तक्रार कचेरीने निकाल दिला. तू बरोबर होतास. किंमत, डिलिव्हरी, परतीचा खर्च, सगळं कंपनीवर. हॉस्पिटलचा खर्चही कंपनीला भरावा लागला. फक्त वस्तू परत मिळाल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणाले. तेव्हा कोर्टातून पाना सोडवून आणला आणि न्यायला माणूस पाठवा असं कळवलं.

काल तोच आला. हलक्या कामावर घेतलंय त्याला. उजवा हात कोपरात सरळ होत नाही. तुझी बायको आतून बघत होती, बाहेर आली नाही. मी पाना पुसू लागले तर तो म्हणाला, राहू द्या, आहे तसाच न्यायचाय. खोका त्याने एका हाताने बंद केला. पट्टीचं टोक मला धरायला सांगितलं, मी धरलं. मी चहा विचारला. नको म्हणाला.

पैसे आज सकाळी आले. डिलिव्हरीसकट, पूर्ण.

तुला तपशील लागतो, म्हणून एक लिहिते. पाना पिशवीत टाकून त्याने चेन ओढली आणि पिशवी पाठीला लावली नाही, छातीवर धरली. मग तो दारापर्यंत, आणि दारातून पायऱ्यांपर्यंत, उलटा चालत गेला. मी साठीची बाई, हातात फक्त चिकटपट्टी. तरी त्याने मला पाठ दाखवली नाही.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तू सुटून आल्यावर बघू.

ताई