किती उशीर, ते कळव

४ फेब्रुवारी

ताई म्हणते, तूच कर. म्हणजे मी! जिला अख्खं घर लेटलतीफ म्हणतं, जिच्यासाठी आईने भिंतीवरचं घड्याळ कायमचं पुढे करून ठेवलंय, ती आता सेकंदाचा बारीकसा तुकडाही न चुकवणारं यंत्र करणार. आई हसून हसून खाली बसली.

पण काम भारी आहे. एप्रिलमध्ये अवकाशातला एक खडक एका ताऱ्यासमोरून जाणार आणि तारा काही क्षण विझणार. ताईच्या आकाशनिरीक्षण मंडळातले लोक वेगवेगळ्या गावांतून दुर्बिणीला कॅमेरा लावून ते टिपणार. कुठे कधी विझला, कधी उजळला, हे जुळवलं की खडकाचा आकार कळतो. फक्त सगळ्यांची घड्याळं एक हवीत. उपग्रहांकडून वेळ घेणारी तयार यंत्रं मिळतात, पण मंडळात ती कुणाला परवडत नाहीत. म्हणून लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचं, स्वस्तातलं, माझ्या हातचं.

टीव्ही-मिक्सर दुरुस्त करते ते पोटासाठी. हे मजेसाठी. नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही.

११ फेब्रुवारी

पहिला बोर्ड तयार, अंगठ्याएवढा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथल्या खिडकीत ठेवला. थोड्या वेळाने हिरवा दिवा दर सेकंदाला उघडझाप करायला लागला — उपग्रह माझ्या खिडकीशी बोलतायत! मी काम सोडून बघत बसले. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, माझ्या मिक्सरचं काय?"

१६ फेब्रुवारी

यंत्र सकाळी ठणठणीत, दुपारी मुकं. रोज! सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. डोक्याचा भुगा झाला.

आज कळलं. झाडून झालं की आई त्यावर स्टीलचं पातेलं पालथं घालते. धूळ बसू नये म्हणून!

"अगं आई, पातेल्याखालून त्याला आकाश कसं दिसणार?"

"मग आधी सांगायचंस. एवढी नाजूक वस्तू उघड्यावर टाकतेस."

आता प्लास्टिकची वाटी.

२६ फेब्रुवारी

अडले. उपग्रहांचा दर सेकंदाचा ठोका बोर्डावर अगदी वेळेवर पडतो. पण लॅपटॉप यूएसबीकडे आपल्या सवडीने बघतो. तोवर ठोक्याचा निरोप दारात ताटकळत उभा. कधी थोडा, कधी जास्त. दर वेळी वेगळा उशीर, म्हणून वजाही करता येत नाही.

२८ फेब्रुवारी

नुसती चिडचिड. आईशी उगाच भांडले.

३ मार्च

सापडलं! तेही बोलणी खाताना.

मंडळाच्या बैठकीला नेहमीप्रमाणे उशिरा पोचले. ताई दारातच उभी. "उशीर होतो ना, होऊ दे. पण किती होणार ते तरी कळवत जा. आम्ही त्या हिशोबाने चालू." सगळे हसले. मी उंबऱ्यातच खिळले.

निरोपाला उशीर होऊ दे की! बोर्डावरच्या चिपने फक्त मोजायचं — ठोका पडल्यापासून लॅपटॉपने निरोप उचलेपर्यंत किती वेळ गेला — आणि पुढच्या निरोपात ते कळवायचं. लॅपटॉप तेवढं वजा करेल. झालं!

चप्पल पायातच होती, तशीच उलटी वळले. ताई मागून म्हणत होती, "जायला बरी घाई असते हिला."

९ मार्च

दोन बोर्ड, दोन लॅपटॉप, दोन कॅमेरे. दोन्हींसमोर एकच दिवा पेटवला. दोघांनीही एकच वेळ सांगितली! आईला मिठी मारली. तिच्या हातात ओली चादर होती, मी भिजले.

२१ मार्च

बोर्ड वाटून झाले. लांबच्या गावातल्या औषधवाल्याचा सगळ्यात शेवटी, तो देव्हाऱ्यातली वस्तू उचलावी तसा दोन्ही हातांनी घेऊन गेला. आईने विचारलं, "आणि माझा?" मला वाटलं गंमत करतेय. नाही. मी आणि ताई त्या दिवशी वेगवेगळ्या गावी जाणार, मग आपली गच्ची रिकामी का ठेवायची, असं तिचं म्हणणं. दुर्बीण रोखायला शिकतेय. ताऱ्यावर डाफरते, "एका जागी थांब की जरा." मला ती फार आवडली आज.

१२ एप्रिल

झालं! दिवेलागणीनंतर लगेच. लॅपटॉपच्या पडद्यावर तारा होता, आणि नव्हता. मग आला परत. एकटीच उड्या मारत होते. जवळजवळ सगळ्यांना मिळाला, आईलासुद्धा.

१४ एप्रिल

ताईने नोंदी जुळवल्या. सगळ्या छान बसतात, आईची सोडून. तिच्या नोंदीत तारा दोनदा विझलाय. एकदा सगळ्यांसारखा, आणि त्याच्या आधी एकदा जरासा, पापणी लवावी तसा.

ताई म्हणाली, "पातेलं." मी हसले, पण मग मनात आलं. माझ्याच बोर्डाने कॅमेऱ्याची चित्रं गाळली असतील तर? मग सगळ्यांच्याच नोंदी कचऱ्यात.

आईने दुर्बिणीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तो दोनदा गेला." तिचा चेहरा पार उतरला होता. मी हसायला नको होतं.

१५ एप्रिल

आईचा बोर्ड दिवसभर तपासला. निर्दोष. एकही चित्र गळलेलं नाही. ताई म्हणते, तिची नोंद बाजूला ठेवू, उगाच हसं होईल. मी म्हटलं, होऊ दे. आहे तशी पाठव नोंदी गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे, आईच्या नावाने.

१९ एप्रिल

औषधवाल्याने कबूल केलं. त्यालाही तारा दोनदा विझलेला दिसला होता, पण लोक हसतील म्हणून त्याने पहिली लुकलुक कापूनच नोंद पाठवली. शास्त्रज्ञांनी मूळ नोंद मागवली. जमिनीवरून सरकणाऱ्या खडकाच्या सावलीला आमच्या गच्चीवरून त्याच्या अंगणात पोचायला जेवढा वेळ लागतो, बरोब्बर तेवढ्याच उशिराने तीच लुकलुक.

त्या खडकाला स्वतःचा एक चंद्र आहे. आजवर कुणालाच माहीत नव्हता, इतका लहान की त्याची सावली फक्त आमच्या गच्चीवरून आणि त्या अंगणावरून गेली. सगळ्यात आधी तो आईला दिसला.