कुशल बोलला होता

नवापूर,
९ डिसेंबर २०२४

हिना,

तुला आणि भाची हेमालीला खूप आशीर्वाद. एडवणला सगळी बरी असतील. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा दादा झोपलेत म्हणून हंसानं, तुझ्या वहिनीनं, सांगितलं. मी जागाच होतो.

मुतखड्याचं ऑपरेशन मंगळवारी बोईसरला झालं. खडा फोडून काढला. आत एक बारीक नळी ठेवलीय, ती तीन आठवड्यांनी काढणार. लघवीला गेलो की कमरेपासून खालपर्यंत सुरी ओढल्यासारखं होतं. हंसा तांब्यावर तांब्या पाणी पाजते, शेकायला पिशवी देते. गोळ्या मात्र मी घेत नव्हतो, उशीखाली सारत होतो. परवा तपासणीला गेलो तर नर्सबाई ओरडल्या, "काका, कळ उठायची वाट कसली बघता? वेळेवर गोळी घ्या. सोसून कुणाचं भलं होतंय?"

मी गोळ्या का घेत नव्हतो, ते तुला लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं, की कुशलनं बोटीवर शेवटपर्यंत दुखणं सांगितलंच नाही, तुला कळवा असंही म्हणाला नाही. ते खोटं होतं. पहिल्याच दुपारी तुझा नवरा माझ्याजवळ आला. घामानं निथळत होता.

"दादा, बोट फिरवा. कमरेत लय कळा येतात. उभं रावत नाय."

मी हसलो. "ऊन लागलं असंल. पाणी पी, पड जरा. आता कुठं पापलेट लागलंय."

दुसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला. तेव्हा पुन्हा म्हणाला, "हिनाला तरी कळवा." खोल पाण्यात फोन लागत नव्हता. पण बोट फिरवता आली असती, हिना. बोट चालवणारा तांडेल मी होतो. तिसऱ्या दिवशी बंदराला लागलो, तेव्हा तो मला ओळखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "खडा अडकून विष अंगभर गेलंय. काल का नाही आणलंत?" बोटीवरच्या दोघांनाही मी गप्प बसवलं.

वर्षश्राद्धाला तू त्याच्या फोटोसमोर म्हणालीस, "एक शब्द बोलला नाय. एवढी परकी होती मी?" मी तिथंच पानावर बसलो होतो. मान खाली घालून जेवलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळ उठली तेव्हा मी जमिनीवर लोळलो. दहा मिनिटांत हंसानं रिक्षा आणली. कुशलनं दोन दिवस काढले.

गोळ्या आता घेतोय. नळी निघाली की आधी एडवणला येईन. घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते तू ठरव. हेमालीला मीच सांगेन, ते ओझं तुझ्यावर नको.

मला दादा म्हणवलं नाही तर म्हणू नकोस. पण त्याच्यावर आता रागावू नकोस. तुझंच नाव घेत गेला तो.

नवशा