कापून गेलेल्या सह्या

दि. ४ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही बावीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर बडवलात आणि मग स्वतःचं ऑफिस थाटलंत, म्हणून तुम्हालाच विचारते. आमच्या दुकानमालकांच्या मुलाने वडिलांच्या नावाने गाळा खाली करून मागण्याचा दावा लावलाय. आम्ही न विचारता भिंत फोडून दरवाजा काढला म्हणे. विचारलं होतं, पण तोंडी. कैफियत, म्हणजे आपला लेखी जबाब, तीस दिवसांत द्यायची. त्यातले वीस गेले. नाही दिली तर निकाल एकतर्फी, आणि आमचं बुकबाइंडिंग रस्त्यावर.

वकिलांनी कैफियत लिहून दिली, मी पानोपानी खाली सह्या केल्या. पण सुटी पानं कोर्टात न्यायची म्हणजे यांच्या धंद्याची अब्रू गेली! यांनी कापडी पुठ्ठा चढवला आणि सवयीने तिन्ही कडा मशीनवर कापून सरळ केल्या. सह्या कात्रणांबरोबर गेल्या. खिडकीवरचा कारकून म्हणाला की भेट द्यायला छान आहे, दाखल करायला नाही. हे अजून म्हणतात, बांधणीत खोट काढून दाखवा. मला हसू येतं आणि मी उरलेले दिवसही मोजते.

लोभ आहेच, आत्ता त्याची जरा जास्त गरज आहे.

तुमची भाची

दि. ७ मार्च

चि. भाचीस अ. उ. आ.

इतका हसलो की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली. जावईबापूंना सांग, कोर्टाला पुस्तक नको, कागद हवेत. नवी प्रत काढ. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सही, शेवटी मजकूर खरा असल्याची सही, सोबत कागदपत्रांची यादी. डावीकडे समास सोडून एक दोरा, बस्स. कात्रणं चिकटवून नेऊ नकोस. जावईबापूंच्या मनात ते आलं असणार. खिडकीवर वाद नको. कारकून त्रुटी आधी स्वतःशीच पुटपुटतो, ते ऐक.

आता मला खटकलेली गोष्ट. तुझ्या पत्रात मालकांचा मुलगा आहे, मालक कुठेच नाहीत. दावा मात्र त्यांच्या नावाने. नियमाने एक प्रत समोरच्यांच्या वकिलाला द्यावीच लागते. तुमच्या वकिलांना विचारून आणखी एक मालकांच्या हातात दे. न वाचता सही करणारी माणसं मी टाइपरायटरमागून फार पाहिलीत.

काळजी इकडे पाठव, तिकडे काम कर.

तुझा मामा

दि. १६ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

कैफियत बारा तारखेला दाखल झाली. यादीवर तारीख नाही असं कारकून पुटपुटला, मी तिथेच घातली; त्याने वर पाहिलं आणि शिक्का मारला.

वकिलांनी होकार दिल्यावर मालकांकडे गेले. त्यांनी दारातच उभ्याने वाचलं, चौथ्या पानावर थांबले आणि मुलाला हाक मारली. दरवाजा काढा असं मीच म्हटलं होतं, गवंडीही मीच पाठवला, मग माझी सही घेतलीस ती कशावर, असं विचारलं. मुलगा म्हणाला, तुम्ही विचारलंच नाहीत.

पुढच्या तारखेला दावा मागे घेतो म्हणालेत. वकील म्हणतात, हुकूम हाती येईपर्यंत आनंद बेताने करा. पण काल मालक स्वतः दुकानात आले, त्या दरवाजातून वाकून मागे गेले, आणि उंची एवढी कमी ठेवली म्हणून गवंड्याच्या नावाने ओरडत बाहेर आले.

मामींना नमस्कार. तुमचे कान आणि तुमची माया, दोन्ही अशीच शाबूत राहोत.

तुमची भाची