मान्यतेचा शिक्का

२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आप्पांचा दमा सध्या आटोक्यात आहे. परवा मी ढगातून नुसत्या यंत्रांच्या भरवशावर विमान चालवण्याची परीक्षा पास झालो. आता टपाल आणि औषधं विमानात भरून आभाळ मोकळं व्हायची वाट बघत बसायला नको. त्यासाठी जीपीएस घ्यायचं आहे, म्हणजे उपग्रहांना विचारून आपली जागा सांगणारं यंत्र. दोन पाहिलीत. एक विमानात पक्कं बसवायचं, ढगातून धावपट्टीपर्यंत उतरायला मान्यता असलेलं. दुसरं खिशात मावणारं. त्याला ती मान्यता नाही, पण उपग्रह तेच आणि किंमत बारावा हिस्सा. माझा जीव पहिल्यात अडकलाय. आप्पा म्हणाले, ताईला विचार, ती भाजीसुद्धा दोनदा तोलून घेते. म्हणून विचारतो.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो कान पिळण्यासकट वाढावा.

तुझा
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

परीक्षा पास झालास, देवाची कृपा. एका जागी न बसणाऱ्या मुलाला बसूनच करायचा धंदा मिळाला, याचं ह्यांना अजून हसू येतं.

आता यंत्राचं. तूच लिहितोस की दोन्ही यंत्रं त्याच उपग्रहांना विचारतात. मग एवढा फरक कशाचा? तर म्हणे मान्यतेचा. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण शिक्का मारल्यानं दूध घट्ट होत नाही एवढं मला कळतं. लहान घे. देवानं डोळे दिलेत, तर आभाळ मोकळं असताना उडावं. उरल्या पैशात विमानाच्या दाराला नवं रबर बसव, मागच्या खेपेस माझे पाय भिजले.

आप्पांना रात्रीचं दही देऊ नका. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चार दिवस इथे होतीस, माझ्याशी शब्द बोलली नाहीस. घरी जाऊन चार ओळी पाठवल्यास. डोक्यावर येऊन परत का गेलास, एवढंच विचारलंस. विचारायचा तुला हक्क आहे.

त्या दिवशी आप्पांना तपासून डॉक्टर म्हणाले की लेकीला आजच आणा. तुला फोन केला आणि विमानाची दुरुस्ती बघणाऱ्या मिस्त्रींना शेजारी घेऊन निघालो. तुझ्या गावावर ढगांची जाड चादर होती. डोंगरांमुळे जितकं खाली यायची परवानगी आहे तितकं आलो. तीन फेऱ्या मारल्या. खिशातलं यंत्र धावपट्टी सरळ समोर दाखवत होतं. मी खाली जायला लागलो होतो, ताई. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “हे खरं बोलतंय कशावरून? हे चुकलं तर सांगणार कोण?”

मोठं यंत्र उपग्रहांची साक्ष एकमेकांशी ताडून बघतं. कुणी खोटं बोलत असेल तर दिवा लावून सांगतं की माझ्यावर विसंबू नका. मान्यता त्याचीच असते. लहान यंत्र ठामपणे बोलत राहतं. मी वळलो. इथे उतरलो तेव्हा चाकं धावपट्टीवर होती आणि यंत्र आम्हाला अर्धा मैल पलीकडच्या तळ्यात दाखवत होतं.

तू बसनं दुसऱ्या दिवशी पोचलीस. आप्पा आदल्या संध्याकाळीच गेले होते. माझ्या बायकोचा हात त्यांनी घट्ट धरला होता आणि तिला ताई म्हणत होते. तिनं ओ दिली. चुकलं असेल तर तिला क्षमा कर.

वैमानिक मी, निर्णय माझा. तुझ्यावर ढकलत नाही. जमलं तर लोभ पुन्हा पहिल्यासारखा असावा.

तुझा
भिंगरी

६ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वहिनीला सांग, तिनं ओ दिली हे माझ्यावर उपकार झाले. तेवढं तरी आप्पांना मिळालं.

चूक तू अंगावर घेऊ नकोस. लहानपणी दुधाचं भांडं मी सांडायचे आणि मार तू खायचास, ती खोड आता सोड. तू विमानाचं विचारलंस आणि मी भाजीचं उत्तर दिलं. मान्यता म्हणजे काय, एवढं विचारायला एक ओळ पुरली असती. ती मी लिहिली नाही. आप्पांचा हात मला मिळाला नाही तो माझ्याच शहाणपणापायी, आणि वर तुझ्याशी चार दिवस अबोला धरला. हे आता जन्माचं राहिलं.

आणखी एक आहे, ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी धावपट्टीच्या पत्र्याखाली पिशवी धरून उभी होते. ढगात तुझ्या विमानाची घरघर तीनदा आली. चौथ्यांदा येईना, तेव्हा डोळे मिटून देवाला म्हटलं, “काहीही कर, पण त्याला खाली आण.” काहीही कर, असं म्हणाले मी. त्यानं आणलं नाही म्हणून त्याच्यावर रुसले. तेव्हापासून पूजा हातांनी केली, मनानं नाही.

मोठं यंत्र बसवल्याखेरीज ढगात शिरलास तर माझी शपथ आहे. सवडीनं एकदा ये, रस्त्यानं आलास तरी चालेल. माझ्यावरची माया तुटू देऊ नकोस.

काल तुझं पत्र तीनदा वाचलं आणि देवापुढे बसले. मागण्यासारखं काही सुचेना. “त्या दिवशी माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस,” एवढंच त्याला म्हटलं.

तुझी
ताई