दोन पॉइंट दोन

अण्णा, आज दुपारी दुकानात एक मदरबोर्ड आला. चालू होतो, दहा मिनिटांत तापतो आणि बंद पडतो. प्रोसेसरचा व्होल्टेज स्क्रीनवर सव्वा व्होल्ट दिसत होता, अगदी शहाण्यासारखा. तरी तुमच्या शिस्तीप्रमाणे मी प्रोसेसरशेजारच्या कॉइलला मीटरची पिन टेकवली, तर दीड! पटकन वीज बंद केली. मीटर तुमचाच, पिवळा. वायरी दोनदा बदलल्या, मीटर बदलवत नाही.

तुम्ही फौजेत सिग्नलला होता. ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, ही तिथली सवय तुम्ही सांगलीच्या त्या दहा बाय दहाच्या दुकानात आणलीत. तेव्हाच्या बोर्डांवर व्होल्टेज जंपरनं ठरायचा. जंपर म्हणजे पिनांवर बसणारी नखाएवढी टोपी. सॉकेट रिकामं असतानाच तुम्ही विचारायचात, "किती?" मी मीटर लावून आकडा सांगायचा, तुम्ही तो मोठ्यानं म्हणायचा, मगच प्रोसेसर आत. मला हसू यायचं. समोर बसून काय ओरडायचं!

त्या शनिवारी मला उंब्रजची चारची एसटी गाठायची आहे. हळदीच्या व्यापाऱ्याचा नवा प्रोसेसर टेबलावर आहे आणि शेटजी स्वतः येऊन बसलेत. सकाळी तुम्ही जंपर बरोबर दोन पॉइंट दोनवर लावलात. तुम्ही जेवायला गेल्यावर त्याच बोर्डावर एक जुना प्रोसेसर तपासायला मी जंपर तीन पॉइंट दोनवर नेला आणि तसाच विसरले. तुम्ही विचारता, "किती?" मी पिशवी भरतेय. मीटर टेबलावर पडलाय. मी मान वर न करता सांगते, "दोन पॉइंट दोन." तुम्ही म्हणता, "दोन पॉइंट दोन," आणि प्रोसेसर बसवता. थोड्याच वेळात तो जळका वास. माझी गाडी चुकली ती चुकलीच.

शेटजी गेल्यावर तुम्ही बोर्डावर वाकून बराच वेळ जंपरकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "पोरी, मीटर लावला व्हतास न्हवं?"

"लावला व्हता, अण्णा."

"मग बसवताना माजाच हात लागला आसंल. कापतोय अलीकडं."

ओरडला असतात तर बरं झालं असतं. शेटजींनाही तुम्ही तेच सांगितलंत, आणि शेटजींनी गल्लीला. लोक बोर्ड तुमच्याऐवजी माझ्या हातात द्यायला लागले. महिनाभरात तुम्ही मीटर माझ्यापुढे सरकवलात, "आता तूच बघ," म्हणालात आणि काउंटरवर जाऊन बसलात ते शेवटपर्यंत. माझं तुम्हाला खरं वाटलं होतं की मला सांभाळून घेत होता, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्हींत माझीच लाज आहे. तुमचा हात कापत नव्हता, अण्णा. मी रोज बघत होते, चहाचा कप भरलेला असला तरी बशीत थेंब सांडायचा नाही.

हे खरं तर काकूंना सांगायला हवं. तुम्ही गेल्यानंतरही त्या मागच्याच गल्लीत राहतात, अधूनमधून दुकानात येऊन बसतात. आजही होत्या. मला मीटर लावताना बघून गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायला लागल्या, "आमच्या ह्यांनी हिला शिकवलं. लय हुशार माणूस. पर शेवटी हात कापाय लागला, एक प्रोसेसर जाळला, तवापासनं टेबलाला शिवले न्हाईत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्हय का न्हाई गं?"

पिन अजून माझ्या हातातच होती. मी म्हणाले, "व्हय, काकू."