बाबांच्या गाडीचा हॉर्न

लोखंडाची खाण, पश्चिम ऑस्ट्रेलिया

प्रिय आई,

मी मजेत आहे, खोकलाही गेला.

आपला फुटबॉल क्लब बंद पडल्याचं वाचलं आणि दिवसभर मैदानच डोळ्यांसमोर राहिलं. कुंपणालगत उभ्या केलेल्या गाड्या, चिखल, मध्यंतरातली संत्री! गोल झाला की सगळे हॉर्न वाजवायचे. बाबा मात्र माझा चेंडू खांबांबाहेर गेला तरी वाजवायचे. तू बाबांवर ओरडायचीस, "वॉली, चुकलाय तो!" त्यावर ते म्हणायचे, "पण मारलाय कसला लांब!"

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा एक शब्दही बोलले नाहीत का गं? जेवतात ना नीट?

नाताळात येतोय. तोवर मैदानावरचे खांब कुणाला काढू देऊ नकोस. बाबांना गाडीत बसवून तिथे आण. मी चेंडू मारेन, चुकेनही. तू फक्त त्यांचा हात हॉर्नवर ठेव.

तुझा,
लिंडसे